वकिलातींतील मुलाखत

अमेरिकन नागरिक असलेल्या पतीकडे कायमचें जाऊं इच्छिणाऱ्या भगिनींस मुंबईच्या अमेरिकन वकिलातींत मुलाखत द्यावी लागते. पतीनें तेथें हजर असणें आवश्यक नसतें. ही परीक्षा विद्वत्तेची नसून विवाहाच्या खरेपणाची असते, हें ध्यानांत ठेवल्यास निम्मी धास्ती ओसरेल.

प्रथम शपथ घ्यावी लागते. मग ओळख कशी झाली, लग्न कोठें झालें, पति काय काम करतात, असे साधे प्रश्न येतात. उत्तरें पाठ करूं नयेत. दोन भेटींतच लग्न ठरलें असेल, तर तसेंच सांगावें. न आठवल्यास ‘आठवत नाहीं’ म्हणावें. शोभेसाठीं केलेल्या असत्य विधानानें प्रवेशाचें द्वार कायमचें बंद होऊं शकतें.

विवाहनोंदणीचा दाखला व पतीचें ‘आय-८६४’ हमीपत्र जवळ असावें. वैद्यकीय तपासणी आधींच उरकावी. ‘२२१(जी)’चा कागद हातीं पडला तरी धीर सोडूं नये. पुष्कळदां एखादा दाखलाच अपुरा असतो. तो वर्षाचे आंत पुरवावा.

अमेरिकेंत प्रवेश करतेवेळीं लग्नास २ वर्षें झालेलीं नसल्यास वास्तव्याची परवानगी २ वर्षांपुरती व सशर्त मिळते. ती मुदत संपण्यापूर्वींच्या ९० दिवसांत उभयतांनीं मिळून अर्ज करावयाचा असतो. तेथें पोंचतांच ती तारीख टिपून ठेवावी.