स्पायडरमॅनला गाव नाही

डिसेंबरचा पहिला आठवडा आणि माझी चिडचिड यांचं नातं या स्तंभाच्या जुन्या वाचकांना सांगायला नको. यंदा तिला खतपाणी घातलं एका हिंदी वाहिनीनं. आठवडाभर रोज रात्री सुपरहिरो. एकाच्या अंगावर लोखंड, दुसऱ्याच्या हातात हातोडा, आणि सगळ्यांच्या तोंडी तीच ती दिल्लीकडची हिंदी, जी बोलताना परग्रहावरचा राक्षससुद्धा प्रॉपर्टी डीलर वाटतो. डबिंगबद्दल मी पूर्वी लिहिलंय, पुन्हा लिहीत नाही. लिहिलं तरी उपयोग होत नाही.

तेवढ्यावर भागलं असतं. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर आमच्याच आळीतला एक पोरगा मला म्हणाला, "काका, हे असं ड्यूटी का फॅमिली, याचं टेन्शन आपल्या इकडच्या हिरोले कधी आलंच नाई. म्हनून आपल्यात सुपरहिरो नाई." हा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे डांबरी रस्त्यावर पळतो. म्हणजे उद्या ज्याला कुणाच्या तरी मागे पळायचं आहे, तो मला सांगतोय की आपल्याकडे पाठलाग करण्याजोगं माणूसच झालं नाही.

आदल्या रात्री 'स्पायडरमॅन : नो वे होम' लागला होता. २०२१ चा सिनेमा, पाहिला नसेल असं पोरगं घाटाखाली सापडणार नाही, त्यामुळे गोष्ट सांगत बसत नाही. मुद्दा एवढाच की मुखवट्यामागचं पोर कोण, हे सगळ्या जगाला कळतं. लोक दाराशी जमतात, पोलीस येतात, कॉलेजं प्रवेश नाकारतात, मित्रांची वाट लागते आणि शेवटी त्याची मेकाकू जिवानिशी जाते. मग उपाय काय, तर मंत्र. डॉक्टर स्ट्रेंज नावाचा मांत्रिक सगळ्या जगाच्या डोक्यातून पीटर पार्करची आठवण पुसून टाकतो. जिच्यावर प्रेम आहे तिलाही तो ओळखीचा राहत नाही. पोरगा एकटाच एका भाड्याच्या खोलीत नवा सूट शिवत बसतो. थेटरात म्हणे लोक रडले.

मला रडू आलं नाही, राग आला. शिकार होणाऱ्या वीरानं आपल्या माणसांना वाचवायचं तर आपल्या माणसांनी त्याला विसरायचं, असा तो तोडगा. ज्या शहराला शेजारच्या दारामागे कोण राहतं ते माहीत नाही, त्या शहराला हा तोडगा शोभतो. आपल्याकडे हा प्रश्न आला तेव्हा त्याचं उत्तर बरोबर उलटं निघालं होतं.

६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, आमच्या मलकापूर स्टेशनातून दादरकडे जाणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते, आणि ते तसंच असायला हवं. पण त्याच तारखेला १९७६ साली साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील गेले, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. सातारा आमच्यापासून लांब, मान्य. न्यूयॉर्क मात्र जवळ.

नाना पाटलांनी ऑगस्ट १९४२ ते १९४६ असे ४४ महिने भूमिगत काढले. भूमिगत म्हटल्यावर आजच्या पोराच्या डोळ्यांपुढे तळघर येतं, संगणक येतात, एक विश्वासू म्हातारा नोकर येतो. नानांकडे यातलं काही नव्हतं. तासगाव, खानापूर, वाळवा, कराडचा दक्षिण भाग एवढ्यात ते फिरत होते. भरभक्कम बांधा, डोक्याला पटका, भरघोस मिशा आणि सभा गाजवून पहाडी झालेला आवाज. लपायला इतकं गैरसोयीचं माणूस शोधून सापडायचं नाही. सरकारनं बक्षीस लावलं होतं. चेहरा सगळ्यांना ठाऊक, आवाज सगळ्यांना ठाऊक, आज कुणाच्या वस्तीवर भाकरी खाल्ली हेही पाच-दहा घरांना ठाऊक. मुखवटा नव्हताच. लोकांना सगळं माहीत होतं आणि लोक गप्प होते, एवढाच काय तो मुखवटा. स्पायडरमॅन वाचला तो जग विसरलं म्हणून. नाना वाचले ते कुणीही न विसरता फौजदाराला "आम्हांस्नी काय ठावं सायेब" म्हणालं म्हणून.

आता आमचा भरतीवाला म्हणेल, वीर वाचला, छान. पण फॅमिलीचं काय? इथेच तर गंमत आहे, आणि ती त्या कोट्यवधी डॉलरच्या सिनेमाला सुचलेली नाही. कर्तव्य की कुटुंब, हा पेच तिकडे वीराच्या डोक्यात असतो. तो उंच इमारतीच्या कठड्यावर बसतो, पाऊस पडतो, मागे व्हायोलिन वाजतं. इकडे तो पेच घराच्या उंबऱ्यावर आला, जप्तीचा कागद घेऊन. येडे मच्छिंद्र इथलं नानांचं घर सरकारनं जप्त केलं, जमीन काढून घेतली. नाना मूळचे तलाठी. १९३० साली त्यांनी ती नोकरी सोडली होती. जप्तीचा कागद कसा लिहितात हे त्यांना सरकारइतकंच पाठ असणार. घरात म्हातारी आई आणि मुलगी हौसा. हौसाची आई ती लहान असतानाच गेलेली. त्या दिवसांत या घराशी संबंध ठेवणं म्हणजे पोलिसांना आपल्या दाराचा पत्ता देणं. मग मामांनी बैलजोडी आणि गाडी दिली आणि ही माणसं भाड्यानं माल वाहायला लागली. गूळ, शेंगा, ज्वारी. येडे मच्छिंद्रहून ताकारीला, नाहीतर कराडला.

मला या गोष्टीतली बैलगाडी फार आवडते. सुपरहिरोच्या सिनेमात गाडी असते ती वीराची. ती उडते, तिला पंख फुटतात, खेळण्यांच्या दुकानात तिची प्रतिकृती मिळते. इथे गाडी वीराच्या घरच्यांची, आणि ती कराडच्या बाजारात गुळाच्या ढेपा उतरवते. ज्या मुलुखात बाप लोकांचं सरकार चालवतोय, न्यायनिवाडे होतायत, हुंड्या-मानपानाला फाटा देऊन गांधी विवाह लागतायत, त्याच मुलुखात त्याची लेक आणि आई भाड्याचे पैसे मोजतायत. प्रतिसरकारकडे पैसा येत नव्हता असं नाही. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ त्याच्या तुफान सेनेनं पगाराची रोकड नेणारी रेल्वे अडवली. १४ एप्रिल १९४४ ला खानदेशात, म्हणजे आमच्या शेजारात, चिमठाण्याजवळ साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला. त्यातली एक चिल्लर पावली त्या बैलगाडीकडे वळवावी असं कुणाच्या मनात आलं असेल का? माझ्यापाशी पुरावा नाही, पण नसावं असं मी छातीवर हात ठेवून म्हणतो. आलं असतं तर बैलगाडी लागलीच नसती.

बरं, लेक नुसतं सोसत बसली असती तर तीही मेकाकूच झाली असती. हॉलिवूडच्या सुपरहिरोपटात घरच्या बाईला एकच काम असतं: योग्य वेळी मरणं, म्हणजे वीराला पुढच्या भागासाठी कारण मिळतं. हौसाताईंनी काय केलं? त्यांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर भर रस्त्यात नवऱ्याचा मार खाल्ला. नवरा खोटा, तुफान सेनेतला सहकारी. भांडण रंगलं, नवऱ्यानं मोठा धोंडा उचलला, बाई आता मरते म्हणून शिपाई सोडवायला धावले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी ठाण्यातल्या बंदुका उचलल्या. पत्रकार पी. साईनाथांनी त्यांची ही हकिगत लिहून ठेवली आहे. तिच्यातला मला सगळ्यांत खरा वाटलेला तपशील हा, की त्या खोट्या नवऱ्यानं जरा जास्तच खरं मारलं, याचा राग नव्वदी ओलांडली तरी ताईंच्या मनातून गेला नव्हता. हौसाताई २०२१ साली गेल्या. तो स्पायडरमॅन आला त्याच वर्षी, तीन महिने आधी.

त्यांचं गोव्याचं प्रकरणही तसंच. पोर्तुगीजांच्या तुरुंगात अडकलेल्या बाळ जोशींना त्या बहीण म्हणून भेटल्या. सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी अंबाड्यात. परतताना धक्क्यावर पोलीस, तेव्हा रात्री लाकडी पेटीवर तरंगत मांडवी ओलांडली. यातला एक प्रसंग जरी मार्व्हलच्या लेखकाला सुचला असता तरी त्याचे तीन भाग निघाले असते. आमच्या मराठी निर्मात्यांना मात्र गड दिसला की ड्रोन उडवावासा वाटतो. अंबाड्यातल्या चिठ्ठीवर ड्रोन उडवता येत नाही ना.

पेच वीराच्या वाट्याला आलाच नाही असं नाही. नाना भूमिगत असतानाच त्यांची आई गेली. पोलिसांना मुलाचा माग काढायला याहून सोपी जागा कोणती? मुलगा आईला अग्नी द्यायला येणारच, हे कोणताही हवालदार सांगेल. नाना आले. कराडला कृष्णेच्या घाटावर त्यांनी अंत्यसंस्कार केले आणि निघून गेले. या प्रसंगावर कुणी दहा मिनिटांचं स्वगत लिहू नये अशी माझी विनंती आहे. घाटावर त्या दिवशी जे जमले असतील त्यांना अग्नी देणारा कोण आहे हे कळत होतं. बक्षिसाची रक्कमही माहीत होती.

आता माझं जुनं तुणतुणं. कंटाळा आला असेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा. तंबू टॉकीज बुडाली तिथेच हा सगळा घोटाळा झाला. तंबूत सिनेमा बघताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसत, नायकाचं बंडल मारणं ऐकून मागून कुणीतरी शेरा मारी, आणि नायक कितीही मोठा असो, त्याचं वजन गाव ठरवत असे. आता प्रत्येक पोरगं आपल्या मोबाइलमध्ये एकटं, म्हणून त्याला एकटा वीर आवडतो. हे सिद्ध करता येईल का? नाही. पण म्हणून खोटं ठरत नाही. आमच्या पिढीचा कॉमिक्समधला वेताळसुद्धा मुखवटेवालाच होता, पण निदान त्यानं डायनाशी रीतसर लग्न केलं, जुळी झाली, आणि सगळ्या जंगलाला त्याचं घर कुठे आहे ते माहीत होतं.

हे सगळं मी टपरीवर सांगितलं तेव्हा पोरगा हुशार निघाला. म्हणाला, "काका, सगळीच गावं काही अशी गप्प बसत नसतात." बरोबर आहे. त्यासाठी साताऱ्यालाही जायला नको, बुऱ्हाणपूर ओलांडलं की पुरे. निमाडातला तंट्या भिल्ल अकरा-बारा वर्षं इंग्रजांना आणि होळकरांच्या शिपायांना सापडला नाही. सातपुड्यातल्या वाड्या-पाड्यांनी त्याला तसाच झाकला होता, जसा पुढे वाळव्यानं नानांना. मग १८८९ च्या श्रावणात तो सापडला, तो मानलेल्या बहिणीच्या घरी. राखी बांधून घ्यायला आला होता असं सांगतात. बहिणीचा नवरा गणपत, त्यानं सौदा केला होता. त्याच वर्षी ४ डिसेंबरला जबलपूरला तंट्याला फाशी झाली. त्याच्याही आधी उमाजी नाईकांच्या वेळी कंपनी सरकारनं हाच धागा पकडला होता. बायको-मुलांना कैदेत टाकलं तेव्हा उमाजी चालत आले. पुढे पुन्हा बंड केलं, पुन्हा दगा, आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी.

म्हणजे इंग्रजाला जे कळलं होतं ते पटकथाकारांना अजून कळलेलं नाही. वीराला पकडायला वीराच्या मागे धावायचं नसतं, त्याच्या घरी जाऊन बसायचं असतं. कधी घर जप्त करून, कधी घरातल्याला कैदेत टाकून, कधी घरातल्याला विकत घेऊन. वाळव्याकडे पहिलं जमलं, तिसरं जमलं नाही. का जमलं नाही, याचं उत्तर नाना पाटलांच्या पराक्रमात शोधणाऱ्यांनी आधी हौसाताईंच्या गाडीचे बैल कुणी दिले ते बघावं. ज्या मामानं ते दिले त्यालाही गणपतसारखा भाव मिळू शकला असता.

मंगळवारपासून वाहिनीवर वटवाघूळवाला सुरू होतोय. त्याचे आईबाप पहिल्याच दहा मिनिटांत मरतात, त्यामुळे तो पेचही नाही, सोय आहे.

माझ्या डोक्यात मात्र त्या भरतीवाल्याच्या बोलण्यामुळे वेगळंच माणूस अडकून बसलंय. तंट्यावर लोकगीतं झाली, कादंबऱ्या झाल्या, सिनेमा झाला. गणपतचं नाव शिवीसारखं उरलं. जिच्या दारात हे घडलं त्या बहिणीचं मात्र कुणी नीट सांगत नाही. नवऱ्याचा बेत तिला ठाऊक होता का, ठाऊक असेल तर तिनं ताटलीत निरांजन ठेवताना काय ठरवलं होतं, नसेल तर त्या रात्री गणपतला जेवायला कुणी वाढलं? तिच्यावर कुणी सिनेमा काढणार असेल तर माझ्या तिकिटाचे पैसे आगाऊ घेऊन जा. तंबूत दाखवणार असाल तर दुप्पट.