करवंदाची चेरी आणि चेरीचं कॉकटेल

उन्हाळा आला की घरच्या घरी कॉकटेल करायची टूम निघते. शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी रेसिपी शोधून ठेवतो, तिच्यात हमखास चेरी असते, आणि शनिवारी दुसरा कुणीतरी दुकानातून ती लालभडक चेरीची डबी उचलून आणतो. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या डबीवर पैसे घालवू नका. खरी चेरी घ्या, नाहीतर सरळ करवंदं घ्या. मधली भानगड नको.

कारण ही मधली भानगड म्हणजे बहुतेक वेळा करवंदच असतं! केकवर, आइस्क्रीमवर, मघई पानावर टोचलेली जी ‘चेरी’ आपण लहानपणापासून खात आलो, ती बऱ्याचदा कच्च्या करवंदाची असते. बिया काढायच्या, खारवून चीक आणि आंबटपणा घालवायचा, लाल रंग चढवायचा आणि पाकात मुरवत ठेवायचं. डबीच्या मागे बारीक अक्षरात ‘करोंदा’ लिहिलंय का ते एकदा बघाच. यात वापरतात तो एरिथ्रोसिन नावाचा रंग आंबट माध्यमात विरघळत नाही. त्यामुळे एकदा फळात बसला की पाकात किंवा क्रीममध्ये फारसा उतरत नाही. इंजिनियरिंग म्हणून झकास काम आहे, दाद द्यायला हवी. (अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये हा रंग खाद्यपदार्थांतून हद्दपार करायचा निर्णय घेतला, ती गोष्ट वेगळी.) माझी तक्रार चवीबद्दल आहे. फळात जे काही फळासारखं होतं ते सगळं काढून टाकलं, तर ग्लासात उरतं काय? गोड रबर.

आणि ही फक्त आपल्याकडची चलाखी नाही हं. मूळची माराश्कीनो चेरी म्हणजे क्रोएशियाच्या डाल्मेशिया किनाऱ्यावरची आंबट-कडवट मारास्का चेरी, तिच्याच लिक्यूरमध्ये मुरवलेली. अमेरिकेत १९२०च्या दशकात ओरेगनच्या अर्नेस्ट विगंड नावाच्या प्राध्यापकांनी चेरी खारवून कडक ठेवायची पद्धत पक्की केली. तिथली बारमधली चेरीही रंग उडवून पुन्हा रंगवलेलीच असते. म्हणजे आपण नकलेची नक्कल विकत घेतोय.

आता खरी चेरी. मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत काश्मीर आणि हिमाचलमधून ती मुंबई-पुण्याच्या बाजारात येते. झाडावरून काढल्यावर चेरी आणखी पिकत नाही, तेव्हा फिकी पेटी ‘घरी ठेवून पिकेल’ म्हणून घेऊ नका. देठ हिरवा आणि फळ टणक बघून घ्या. काश्मिरी ‘मिश्री’ नावाप्रमाणेच गोड असते, खायला उत्तम. पण कॉकटेलमध्ये गोडाला आंबटाने आवरावं लागतं, म्हणून लिंबावर हात आखडू नका.

दहा चेऱ्या घ्या. बी काढायला बिअरच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर चेरी ठेवायची आणि चॉपस्टिकने दाबायची, बी टपकन बाटलीत. बी वाटली जाणार नाही एवढं बघा, तिच्यातून सायनाइड तयार होतं. मग पुदिन्याची चार पानं, वीस मिली लिंबाचा रस आणि दहा मिली साखरेचा पाक घालून बत्त्याने हलकेच चेपा. ४५ मिली जिन, भरपूर बर्फ, वर सोडा. बर्फाचे तुकडे मोठे हवेत, फ्रीजरमध्ये वाटीत पाणी लावलं की झालं. चुरा बर्फाने पाच मिनिटांत पाणचट सरबत होतं.

(आपल्या महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परमिटही लागतं, बरं का. कायदा १९४९चा आहे. असो.)

पण खरं सांगायचं तर मला यापेक्षा करवंदाचं जास्त आवडतं. आणि राग येतो तो इथेच. हे फळ आपल्या सह्याद्रीत उन्हाळाभर काट्यांतून लगडलेलं असतं. बायाबापड्या अंगावर ओरखडे घेत ते तोडतात आणि ‘डोंगरची काळी मैना’ म्हणत पानाच्या द्रोणात घालून घाटाच्या कडेला विकतात. एक्सप्रेसवेवरून शंभरच्या स्पीडने जाताना तो द्रोण आपल्याला दिसतही नाही. तेच करवंद सोललं, सोडलं, रंगवलं आणि परदेशी नाव दिलं की मात्र ‘गार्निश’! स्वतःच्या नावाने त्याला ग्लासात जागा का नाही?

पिकलेली, काळीभोर दोन वाट्या करवंदं स्वच्छ धुवा. अर्धी वाटी पाणी घालून दहा मिनिटं शिजवा, म्हणजे चिकाचा चिकटपणाही त्रास देत नाही. घोटून गाळा, जेवढा रस तेवढी साखर घालून एक उकळी काढा. रंग असा येतो की त्या डबीने लाजावं. तीस मिली हे सिरप, ४५ मिली जिन किंवा व्होडका, चिमूट काळं मीठ, सोडा. लिंबू जवळजवळ लागत नाही, करवंद स्वतःच आंबट असतं. मागे एक तुरट चव राहते, जी चेरीत शोधूनही सापडत नाही.

मे महिन्यात गोव्यात असाल तर जिनच्या जागी काजूचा ताजा उर्राक घालून बघा. उर्राक आणि करवंद, दोन्हींचा सीझन पाऊस पडला की आटोपतो, तेव्हा ‘पुढच्या वीकेंडला बघू’ म्हणण्यात अर्थ नाही.

सिरप फ्रीजमध्ये आठवडाभर आरामात राहतं. पार्टीत न पिणारा एक जण असतोच, त्याच्या हातात कोल्ड्रिंकची बाटली टेकवू नका. सिरप, सोडा, काळं मीठ, भरडलेलं जिरं, तोच मोठा बर्फ, तसाच ग्लास. माझ्याकडे दुसऱ्या राउंडला निम्मे लोक हेच मागतात.