नदीचा देखावा आणि नदीकाठची माणसे

नदी वाचवा, तिच्यासाठी कडक कायदा करा, अशी मागणी अधूनमधून आपल्या कानांवर येते. मागणी योग्यच आहे. परंतु तो कायदा नदीकडे कुणाच्या डोळ्यांनी पाहणार, हे कुणी विचारत नाही. बंगल्याच्या गच्चीतून पाहणाऱ्याला नदी म्हणजे देखावा. काठावर धुणे धुणाऱ्या बाईला, मासे धरणाऱ्याला, उन्हाळ्यात वाळवंटात टरबुजाची वाडी करणाऱ्याला ती रोजची भाकर असते. कायदा करताना यातले कोण जमेस धरले आणि कोण वगळले, यावरून पुढे काय काय घडते ते न्यूझीलंड देशातल्या एका नदीच्या हकिकतीवरून फार चांगले कळते. हकिकत सव्वाशे वर्षांच्या वरची आहे, वाचकांनी थोडा धीर धरावा.

नदीचे नाव व्हांगानुई. लांबी सुमारे २९० किलोमीटर. देशाच्या उत्तर बेटावर मध्यभागी ज्वालामुखीचे डोंगर आहेत, टोंगारिरो हा त्यातला एक. तिथे उगम पावून, दाट जंगलातून, उंच कड्यांमधून वळसे घेत ती समुद्राला मिळते. दोन्ही काठांवर माओरी लोकांची गावे. माओरी हे त्या देशाचे मूळ रहिवासी, इंग्रज मागाहून आले. नदीत जागोजाग लाकडी खुंट ठोकून तिरके बांध घातलेले असत आणि बांधाच्या तोंडाशी टोपल्या लावलेल्या असत. त्यात ईल मासा सापडे, आपल्याकडच्या वामीसारखा लांब, सापासारखा. कोणता बांध कोणत्या घराण्याचा, हे ठरलेले होते. नदीवरच्या प्रत्येक खळाळाला नाव होते आणि त्याची राखण कुणाकडे तेही ठरलेले होते. या लोकांची समजूत अशी की नदी आणि आपण वेगळे नाही. तिला दुखले तर आपल्याला दुखते.

१८४० साली इंग्लंडच्या राणीने माओरी प्रमुखांशी वायटांगी येथे तह केला. त्यांच्या जमिनी, जंगले, मासेमारीच्या जागा त्यांच्याच ताब्यात राहतील, असे त्यात लिहून दिले. तहाचे इंग्रजी आणि माओरी मसुदे एकमेकांशी जुळत नाहीत, ते वेगळेच प्रकरण आहे. लिहून दिलेले पाळले गेले नाही, एवढे मात्र दोन्ही मसुद्यांवरून सिद्ध होते.

आता कायद्याकडे वळू. १८९१ साली तिथल्या पार्लमेंटने व्हांगानुई नदीसाठी एक ट्रस्ट स्थापन करण्याचा कायदा केला. हेतू काय, तर नदीचे निसर्गसौंदर्य राखणे आणि नदीतून बोटी चालतील अशी व्यवस्था करणे. ऐकायला किती छान! जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीशी तिची तुलना करून जाहिराती झाल्या, हॅट्रिक नावाच्या व्यापाऱ्याच्या आगबोटी सुरू झाल्या, लांबलांबून प्रवासी देखावा बघायला येऊ लागले. आता आगबोटीला सरळ मोकळी वाट लागते. मग वाटेतले काय काढायचे? माओरींचे मासे धरण्याचे बांध. नदीतले दगड फोडले गेले, प्रवाह वळवून अरुंद केला गेला, बांध मोडले गेले. नदीच्या पात्रातली खडीही काढून नेली. आपल्याकडे वाळूचे ठेके कसे चालतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. ज्यांच्या तोंडचा घास गेला त्यांनी अर्ज केले, विनंत्या केल्या, वाटेत आडवे झाले. पण देखावा राखण्याच्या कायद्यात त्यांच्या जेवणाचे कलमच नव्हते.

पुढची गोष्ट तर कारकुनी पेशातल्या माणसाला विशेष कळेल. १९०३ साली सरकारने ठरवले की ज्या नद्यांतून बोटी चालू शकतात त्या सर्वांचे तळ सरकारी मालकीचे. हे कुठे लिहिले? नद्यांच्या कायद्यात नाही, जमिनीच्याही नाही. कोळशाच्या खाणींच्या कायद्याला एक दुरुस्ती आणली, तिच्यातल्या एका कलमात हे घातले. कोळशाचे बिल वाचायला नदीकाठचा माणूस कशाला जाईल? एवढी मोठी गोष्ट एवढ्या लहान जागेत बसवण्याची ही युक्ती जुनी आहे आणि ती कुठल्या एका देशाची मक्तेदारी नाही. ज्याला हक्क टिकवायचे आहेत त्याने गॅझेट वाचण्याची सवय लावून घ्यावी, आणि पोरांनाही लावावी.

माओरींनी १९३८ साली कोर्टात अर्ज दिला: नदीचा तळ आमचा आहे, चौकशी करा. खालच्या कोर्टात बाजूने निकाल लागला. सरकार वर गेले. अपील, त्यावर अपील, मध्ये एक चौकशी आयोग, पुन्हा अपील. १९६२ साली अखेरचा निकाल लागला आणि माओरी हरले. महाडच्या चवदार तळ्याचा दावा आपल्या घराघरात माहीत आहे. २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर तो कोर्टात गेला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने संपला. माओरींचा दावा त्याच्या पुढच्याच वर्षी उभा राहिला, तो २४ वर्षे चालून विरुद्ध गेला. अर्ज करणाऱ्यांतले कितीतरी जण निकालाआधीच वारले.

त्यानंतर नदीवर दुसरा घाला आला, आणि हा तिच्या मुळावर होता. डोंगरातल्या उगमाकडचे पाणी बोगद्यांतून वळवून वीज करण्याची टोंगारिरो योजना सरकारने आखली. १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत व्हांगानुईचे वरचे पाणी दुसरीकडे जाऊ लागले. वीजघरातून सुटलेले ते पाणी परत येत नाही. तावपो सरोवरातून ते वायकाटो या निराळ्याच नदीत जाते. आपल्या वाचकांना हे लगेच समजेल. कोयनेचे पाणी वास्तविक पूर्वेला कृष्णेत जायचे, ते सह्याद्री फोडून पश्चिमेला पोफळीकडे उतरवले आणि वाशिष्ठीत सोडले. मुळशीचे पाणीही असेच भिऱ्याला उतरते. विजेचा दिवा आपल्याही घरात लागतो, तेव्हा वीज नको असे कोण म्हणेल? परंतु व्हांगानुईच्या काठच्या लोकांना, तुमच्या नदीचे पाणी नेऊ का, असे कुणी मोकळेपणी विचारलेच नाही. खाली पाणी उतरले, खडकावर शेवाळ धरले, मासा कमी झाला.

इथे पाणलोटाचा मुद्दा येतो. नदी म्हणजे काठाच्या दोन रेघांमधले पाणी नव्हे. वरचा डोंगर, त्यावरचे झाड, लहानमोठे ओढे, पाण्याखालचा तळ, सगळे धरून नदी होते. सरकारी कागदात मात्र तिचे तुकडे पडतात. पाणी एका खात्याकडे, तळ दुसऱ्याकडे, झाडे तिसऱ्याकडे, मासे चौथ्याकडे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते, तेव्हा दामोदर नदीच्या संपूर्ण खोऱ्याची एकच योजना करावी यासाठी त्यांनी मेहनत घेतली. १९४८ साली त्याचा कायदाही झाला. नदीचे तुकडे करू नयेत हा त्यातला विचार आजही मोलाचा आहे. पुढे त्या धरणांनीही गरीब माणसे उठवली, हे मात्र लपवू नये.

असो. न्यूझीलंडमध्ये १९७५ साली वायटांगी ट्रायब्युनल स्थापन झाले, आणि १९८५ पासून त्याला १८४० पर्यंतच्या जुन्या अन्यायांची चौकशी करण्याचा अधिकार मिळाला. १९९० साली व्हांगानुईच्या माओरींनी तिथे दावा दाखल केला. नुसते कागद घालून ते स्वस्थ बसले नाहीत. १९९५ साली व्हांगानुई शहरातल्या मौतोआ बागेत, जी ते आपली जुनी जागा मानतात, त्यांनी ७९ दिवस ठाण मांडले. बायका, मुले, म्हातारी माणसे सगळी होती. १९९९ साली ट्रायब्युनलने अहवाल दिला की नदी त्यांची होती आणि त्यांनी ती कधी स्वखुशीने दिलेली नाही. त्यापुढेही वाटाघाटींत पंधरा वर्षे गेली. ५ ऑगस्ट २०१४ रोजी नदीकाठच्या रानाना या गावात करारावर सह्या झाल्या. हे गावाचे नाव म्हणजे लंडनचा माओरी उच्चार आहे, एका मिशनऱ्याने दिलेला! आणि मार्च २०१७ मध्ये कायदा झाला.

या कायद्याने व्हांगानुई नदीला 'ते आवा तुपुआ' या नावाने कायदेशीर व्यक्ती ठरवले. डोंगरापासून समुद्रापर्यंत, सगळ्या उपनद्यांसह, एक अखंड जिवंत देह, असा कायद्याचा अर्थ आहे. काही वर्तमानपत्रांनी थट्टा केली की आता नदीला मतदानाचा हक्कही देणार काय. यात थट्टेचे काय आहे? कंपनीला हात नाहीत, पाय नाहीत, तरी ती मालमत्ता घेते, खटला भरते, बी. कॉम.च्या विद्यार्थ्याला हे सुरुवातीलाच शिकवतात. आपल्या देशातल्या कायद्यात तर देवळातली मूर्तीसुद्धा व्यक्ती आहे, तिच्या नावावर जमिनी आहेत. कंपनीला आणि मूर्तीला जे मिळते ते वाहत्या नदीला मिळाले तर बिघडले कुठे?

नदीला स्वतः बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीने दोन माणसे नेमतात. एक माओरींच्या वतीचा, एक सरकारच्या वतीचा. पण एकदा नेमणूक झाली की दोघांनीही बोलायचे ते फक्त नदीच्या वतीने. पहिल्या दोघांत तारियाना टुरिया या बाई होत्या. मौतोआ बागेच्या ठिय्यात त्या होत्या, नंतर त्या मंत्रीही झाल्या. त्याशिवाय एक मोठी समिती आहे, सतरापर्यंत सभासदांची. तीत माओरी, नगरपालिका, वीज कंपनी, पर्यटन आणि निसर्गरक्षणवाले, सगळे एका टेबलाशी बसतात. नदीच्या तळाचा जो भाग सरकारकडे होता तो नदीच्याच नावावर झाला. सरकारने कायद्यातच झालेल्या अन्यायाची कबुली देऊन माफी मागितली. भरपाई म्हणून ८ कोटी न्यूझीलंड डॉलर, आणि नदीच्या आरोग्यासाठी ३ कोटी डॉलरचा वेगळा निधी. दोन्ही रकमा वेगळ्या ठेवल्या हे मला हिशेबाच्या दृष्टीने फार शहाणपणाचे वाटते. नाहीतर नदी साफ करण्याच्या नावाखाली माणसांची भरपाई खर्ची पडली असती.

आता आपल्याकडे पाहू. योगायोग असा की त्या कायद्यावर मंजुरीची सही झाली ती तारीख २० मार्च २०१७, आणि त्याच दिवशी आपल्या उत्तराखंड हायकोर्टाने गंगा व यमुना या नद्या कायदेशीर व्यक्ती असल्याचा आदेश दिला. (२० मार्च ही तारीख पाण्याच्या बाबतीत कोणती, हे आपल्याला कुणी सांगायला नको.) पण आदेशात नदीचे पालक कोण नेमले? सरकारी अधिकारीच. काठच्या कोळ्याला, नावाड्याला, सफाई कामगाराला कुणी पुसले नाही. मग राज्य सरकारच सुप्रीम कोर्टात गेले: नदी अनेक राज्यांतून वाहते, आम्ही एकट्याने कसे सांभाळावे, आणि पुरात कुणाचे नुकसान झाले तर नदीविरुद्ध दावा लावून भरपाई आमच्याकडे मागायची काय? जुलै २०१७ मध्ये आदेशाला स्थगिती मिळाली.

महाराष्ट्राने २००० साली नदीकाठापासून ठराविक अंतरात प्रदूषण करणारे कारखाने येऊ नयेत म्हणून नदी नियमन क्षेत्राचे धोरण आणले होते. २००९ साली त्यात बदल केले आणि २०१५ साली ते रद्दच केले. ते धोरण होते, विधिमंडळाने केलेला कायदा नव्हता. शासन निर्णय एका कागदाने निघतो आणि दुसऱ्या कागदाने जातो. सभागृहात चर्चा नाही, मतदान नाही. कायदा मोडायला निदान चारचौघांत उभे राहून हात वर करावा लागतो.

व्हांगानुईच्या कायद्याने सारे काही साधले असे समजू नये. पाण्याची मालकी त्याने कुणालाच दिली नाही. खाजगी जमिनी आणि आधीचे परवाने जसेच्या तसे ठेवले. त्यामुळे उगमाकडचे पाणी आजही बोगद्यातून दुसऱ्या नदीत जातच आहे. त्याचे परवाने २०३९ सालापर्यंतचे आहेत. ते संपले की कंपनीला नवा अर्ज करावा लागेल, आणि १९७० च्या सुमारास ज्यांना कुणी विचारले नव्हते त्यांचे म्हणणे या वेळी कायद्याप्रमाणे विचारात घ्यावे लागेल. त्या सुनावणीसाठी आकडे हवेत: पूर्वी पाणी किती होते, आता किती आहे, ईल कुठपर्यंत चढतो. म्हाताऱ्यांना आठवते ते सांगायला ते आहेत तोवरच विचारून लिहून ठेवावे लागेल.