वाशिमची वेलांटी

रस्ट भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमला पडद्यावर अक्षरं काढायची असली, की मुक्तस्रोत लायब्रऱ्यांची तुलना सुरू होते आणि दोन आकडे पुढे येतात: डाउनलोड किती आणि वेग किती. आकडे खोटे नसतात. पण मराठी वाचकाच्या उपयोगाची लायब्ररी त्यांवरून ठरते, हे म्हणणं साफ चूक आहे, आणि ते खोडायला ‘वाशिम’ हा एकच शब्द पुरतो.

युनिकोडमध्ये हा शब्द व, काना, श, पहिली वेलांटी, म अशा क्रमाने साठवलेला असतो. उच्चारात वेलांटी श नंतर येते, लिहिताना मात्र ती श च्या अलीकडे काढावी लागते. ही अदलाबदल करण्याच्या कामाला शेपिंग म्हणतात. रस्टमध्ये रस्टीबझ ही लायब्ररी ते करते. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड शेपिंगसाठी ज्या हार्फबझ लायब्ररीवर अवलंबून असतात, तिचंच हे रस्टमधलं रूप. फाँटड्यू ही दुसरी लायब्ररी हे काम अंगावर घेतच नाही. तिचं लक्ष वेगावर आहे. तिच्याकडे ‘वाशिम’ सोपवलं तर वेलांटी श नंतर उमटते, पुढच्या म ला जाऊन चिकटते आणि वाचणारा ‘वाशमि’ वाचतो. चुकीचं गाव झटपट काढून दाखवण्यात कसला आला वेग?

फाँटड्यूवर यात अन्याय नको. काट्याच्या पडद्यावर सोयाबीनचं वजन दाखवायचं असेल, तर तिथे आकड्यांपलीकडे काही लागत नाही, आणि ती निवड योग्यच ठरते. दोष लायब्ररीचा नाही. जी दोन कामं वेगळी आहेत ती एकाच तराजूत घालणाऱ्याचा आहे.

‘आम्ही मराठी तपासून पाहिलं, नीट दिसतं,’ असंही उत्तर मिळतं. पण तपासलं काय? वाशिम जिल्ह्यात सहा तालुके. मानोरा आणि मालेगाव शेपिंगशिवायही जवळपास ठीक दिसतात, कारण त्यांत क्रम बदलावा लागत नाही. कारंजाचा अनुस्वारही बहुधा जागेवर पडतो. मंगरुळपीरमधल्या ‘रु’चं वळण बिघडतं, तरी नाव वाचता येतं. फसतात ती वाशिम आणि रिसोड. म्हणजे ज्याने ‘मानोरा’ टाकून पाहिलं त्याचं समाधान झालं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणाचं नाव चुकलेलंच राहिलं.

लोकप्रियतेचा मुद्दा लवकर आटोपतो. रस्टची 1.0 आवृत्ती 2015 ची. एवढ्या थोड्या काळात एकेकाळी सर्रास वापरली जाणारी रस्टटाइप ही लायब्ररी मागे पडली, आणि एसिंक-स्टड या लायब्ररीचं काम 2025 मध्ये अधिकृतपणे थांबलं. डाउनलोडची संख्या काल काय घडलं ते सांगते.

सगळ्यांत भक्कम वाटणारा आक्षेप वेगळाच आहे: रस्ट मुळातच सुरक्षित भाषा, मग लायब्ररीची एवढी चिकित्सा कशाला? पण ती सुरक्षितता मेमरीची, शब्दाची नव्हे. ‘वाशिम’ची लांबी विचारली तर रस्ट 15 सांगते, ते बाइट. युनिकोड संकेत मोजले तर 5. शाळेतल्या मुलाला विचारलं तर तो वा, शि, म अशी 3 अक्षरं मोजेल. एखाद्या संकेताच्या बाइटांच्या अधेमधे शब्द कापायला गेलं तर रस्ट प्रोग्रॅम तिथेच थांबवते, आणि हा तिचा खरा गुण आहे. पण पहिले 3 संकेत मागितले, तर ती बिनतक्रार ‘वाश’ देते. मेमरीला धक्का नाही, कंपायलरची हरकत नाही, फक्त गावाचं नाव तुटलं. मुलाच्या हिशोबाने मोजायचं, तर युनिकोड-सेगमेंटेशन ही वेगळी लायब्ररी जोडावी लागते.

तीही एकदा जोडली की संपलं, असं नाही. ‘जिल्हा’ हा शब्द घ्या. जुन्या युनिकोड नियमाने त्याचे तीन तुकडे होत: जि, ल्, हा. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या 15.1 आवृत्तीने देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम आणला, आणि तुकडे दोन झाले: जि, ल्हा. म्हणून दोन लायब्रऱ्या शेजारी ठेवताना पहिला प्रश्न हा विचारावा, की ‘जिल्हा’ या शब्दाला कोण 3 म्हणतं आणि कोण 2.