चाळिशी लागली, डोळे कधी दाखवणार?

शाबान लागला की आमच्या घरी रमजानची तयारी सुरू होते. डाळी निवडून डबे भरायचे, जानमाज धुवायच्या, कुरआन शरीफचे जुजदान बदलायचे. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत तिलावतीला बसले आणि लक्षात आले, की अक्षरे नीट दिसावीत म्हणून मी मान मागेमागे नेते आहे. शाळेतही तेच. मुलांच्या उर्दूच्या वह्या तपासताना हा 'बे'चा एक नुक्ता आहे की 'पे'चे तीन, हे कळेना. सहकारी बाई हसल्या आणि म्हणाल्या, "चाळिशी लागली तुम्हाला!" आपल्या मराठीत त्या वयालाही चाळिशी म्हणतात आणि त्या चष्म्यालाही.

मी बाजारातून तयार चष्मा आणला. डोळ्यांवर चढवला, तिन्ही नुक्ते वेगवेगळे दिसू लागले. प्रश्न मिटला, असे मला वाटले. भगिनींनो, आपण बहुतेकजणी इथेच चुकतो. माझे अब्बा तर हीच चूक वीस वर्षे करत होते.

अब्बांचे शिलाईचे दुकान होते. दर दोन-तीन वर्षांनी ते चष्म्याच्या दुकानात जायचे, समोरच्या पाटीवरची अक्षरे वाचायचे, नंबर वाढला असेल तर काच बदलून यायचे. "डोळे तपासून आलो," असे घरी सांगायचे. सत्तरीतही ते सुईत दोरा स्वतः ओवत. पण चहाचा कप डाव्या हाताला ठेवला की हमखास सांडायचा. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. मशिदीत सफमध्ये डावीकडच्या माणसाच्या पायावर त्यांचा पाय पडायचा. आम्ही हसायचो. अम्मी म्हणायची, "लक्ष कुठे असते तुमचे?" लक्ष जागेवरच होते. त्या बाजूचे दिसतच नव्हते.

हे कळले तेही योगायोगाने. मोतीबिंदूसाठी एका शिबिरात नेले होते. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्याचा दाब मोजला. तो साधारण 10 ते 21 असावा लागतो. अब्बांचा डाव्या डोळ्याचा 32 निघाला. पुढच्या तपासणीत त्यांना एका घुमटासारख्या यंत्रात डोके ठेवून बसवले. मध्ये बघत राहायचे आणि कडेला कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातले बटण दाबायचे. बराच वेळ बटणाचा आवाज येईना. मला वाटले, अब्बांना डुलकी लागली. ते टक्क जागे होते. ठिपके चमकत होते, त्यांना दिसत नव्हते.

हा काचबिंदू. नावे सारखी म्हणून आपण त्याला मोतीबिंदूचा भाऊ समजतो, पण दोघांत फार अंतर आहे. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की पुन्हा दिसते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच हळूहळू सुकत जाते, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. गेलेली नजर कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही. उरलेली तेवढी वाचवता येते. आणि ही नजर कडेकडेने जाते, मधली शेवटपर्यंत राहते. म्हणून माणूस पाटीवरची अक्षरे वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि आपले डोळे ठणठणीत आहेत असे समजतो. नेहमीच्या काचबिंदूत दुखत नाही, लाली येत नाही. एक डोळा अधू झाला तर दुसरा झाकून नेतो. (एक प्रकार मात्र अचानक येतो. डोळा लाल होऊन प्रचंड दुखतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. तेव्हा पित्त समजून घरी थांबू नये, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.)

अब्बांना थेंब सुरू झाले, जन्मभरासाठी. आठ महिने नीट चालले. मग रमजान आला आणि ईदनंतरच्या तपासणीत दाब पुन्हा चढलेला. डॉक्टरांनी विचारले, तेव्हा अब्बा खाली मान घालून म्हणाले, "रोजा होता ना, साहेब. दिवसा टाकत नव्हतो. मग रात्री तरावीहच्या गडबडीत राहून जायचे." महिनाभर थेंब जवळजवळ बंदच होते, आणि एका घरात राहून आम्हाला पत्ता नव्हता.

म्हणून हा मसला इथे स्पष्ट लिहिते. डोळ्यात औषध टाकल्याने रोजा तुटत नाही. हनफी मसलकात हेच आहे आणि आपल्या कोकणातले लोक पाळतात त्या शाफई मसलकातही हेच. घशात औषधाची चव जाणवली तरी तुटत नाही. आमच्या मशिदीच्या मौलानांनी अब्बांना शेजारी बसवून हे समजावले, तेव्हा कुठे त्यांच्या मनातली खटक गेली. मुलीने सांगितलेले पुरले नसते! तरीही ज्यांचे मन मानत नाही, त्यांनी थेंब बंद करू नयेत. डॉक्टरांना सांगून वेळा बदलून घ्याव्यात. दिवसातून एकदाचे थेंब इशानंतर टाकता येतात. दोनदाचे बहुधा सहरी आणि इफ्तारला बसवता येतात. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध घशात फारसे उतरत नाही आणि डोळ्याला पुरते मिळते. एका वेळी एकच थेंब पुरतो. दोन वेगळी औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. दमा असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगावा, कारण काचबिंदूचे काही थेंब दम्याच्या माणसाला चालत नाहीत.

थेंबांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. डोळा लाल झाला की मेडिकलमधून मागच्या वेळचीच बाटली आणायची सवय आपल्या घरोघरी आहे. त्यातल्या कितीतरी थेंबांत स्टेरॉईड असते. त्याने लाली पटकन उतरते, पण तेच महिनोन् महिने टाकत राहिले तर डोळ्याचा दाब वाढतो आणि काचबिंदू होऊ शकतो. लहान मुलांनाही होतो.

मग पूर्ण तपासणी म्हणजे काय? नंबर काढणे हा तिचा एक भाग झाला. डॉक्टर यंत्रावर हनुवटी टेकवायला लावून डोळ्याचा पुढचा भाग बघतात. दाब मोजतात. थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि आत पडदा आणि नस पाहतात. या थेंबांनी चार-सहा तास धूसर दिसते, उजेड सहन होत नाही. त्यामुळे त्या दिवशी स्वतः स्कूटी चालवत जाऊ नये, कुणाला तरी सोबत न्यावे. चाळिशीत एकदा अशी तपासणी करावी, मग डॉक्टर सांगतील तशी, साधारण दोन वर्षांनी. साठीनंतर दरवर्षी. सख्ख्या नात्यात कुणाला काचबिंदू असेल तर साठीची वाट बघायची नाही.

शुगर असणाऱ्यांचा हिशोब वेगळा आहे. मोठेपणी शुगर निघाली तर ज्या वर्षी निघाली त्याच वर्षी पडदा तपासून घ्यायचा आणि पुढे दरवर्षी, दिसायला स्वच्छ दिसत असले तरी. माझ्या फुफींनी शुगरच्या गोळ्या पंधरा वर्षे घेतल्या, पण डोळ्यांचे त्यांना कुणी सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. एके सकाळी डोळ्यापुढे काळे जाळे उतरले. पडद्यावर रक्तस्राव झाला होता. लेझर आणि इंजेक्शने घेऊन थोडे सावरले. वर्षभर आधी दाखवले असते तर तेच लेझर जास्त कामी आले असते, असे डॉक्टर म्हणाले. फुफी ते अजून सांगतात, न रागावता. अचानक काळे ठिपके तरंगणे, विजेसारख्या चमका येणे, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे होणे, यांपैकी काहीही झाले तर उद्यावर ढकलू नये.

मोतीबिंदूचे सगळ्यांना माहीत असते, तरी एक जुनी समजूत जात नाही: "पिकू द्या, मग काढू." पूर्वीच्या शस्त्रक्रियेत तसे थांबत असत. आता थांबायची गरज नाही. रोजच्या कामाला अडचण होऊ लागली की काढावा. फार पिकू दिला तर शस्त्रक्रिया अवघड होते. सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976पासून आहे आणि जिल्हा रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. पैशापेक्षा मला दुसरेच कारण दिसते. घरातल्या दादीचे नंबर सगळ्यांत शेवटी लागते. "मला आता कुठे वाचायचे आहे," असे ती म्हणते आणि आपण ते खरे मानतो. तांदळातला खडा तिला दिसत नाही, हे आपल्या जेवणात कळते. ऑपरेशननंतर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नसते आणि काही दिवस वाकायलाही मनाई असते. वुजूचे काय, सजद्याचे काय, या काळजीने काहीजणी तारीखच घेत नाहीत. त्याला शरीअतमध्ये सवलत आहे. नमाज बसून, इशाऱ्याने होते. वुजूचे आलिमांना विचारून घ्यावे.

आपल्या इतिहासात डोळ्यांच्या हकीमाला 'कह्हाल' म्हणत. हजार वर्षांपूर्वी बगदादच्या अली इब्न ईसा यांनी 'तज्किरतुल कह्हालीन' हा डोळ्यांच्या आजारांवरचा ग्रंथ लिहिला, तो पुढे कितीतरी पिढ्या वापरात होता. कह्हाल हा शब्द सुरम्याच्या 'कुहल'वरून आला. पण आज बाजारात सुरमा म्हणून मिळणाऱ्या कितीतरी पुड्यांत शिसे असते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला विष आहे. बाळाच्या डोळ्यात तो घालू नये. घरभर एकच सलाई फिरवण्याचे तर नावच नको, एकाचे आलेले डोळे सगळ्यांना येतात.

मुलांचे मी वर्गात रोज बघते. फळ्यावरचे न लिहिता शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारे मूल दर वर्गात एखादे असते. आधी मीही त्याला आळशी समजून ओरडायचे. आता पहिल्या बाकावर बसवून बघते आणि पालकांना चिठ्ठी देते. शाळेत सरकारी पथक तपासणीला येते त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल तर मेंदू तो डोळा वापरणे सोडून देतो. सात-आठ वर्षांच्या आत उपाय केला तर तो उत्तम लागू पडतो, पुढे कठीण होत जाते. मुलीला चष्मा लागला तर स्थळे येणार नाहीत म्हणून चिठ्ठी फाडणारी आई मी पाहिली आहे.

माझे सांगायचे राहिले. अब्बांचे निदान झाल्यावर डॉक्टर म्हणाले होते, "मुलांनाही आणा." तो बाजारचा चष्मा लावून मी सहा महिने काढले, मग गेले. दाब 20, म्हणजे हद्दीतच. पण नस थोडी संशयास्पद दिसली. दर सहा महिन्यांनी बोलावले आहे, थेंब अजून नाहीत. भाईजान मात्र तयार नव्हते. "मला सगळे दिसते," एवढेच म्हणायचे. परवा अब्बांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितले, "बेटा, मलाही सगळे दिसत होते." येत्या शनिवारी दोघे जाणार आहेत. अब्बांच्या डाव्या बाजूने कुणीतरी चालावे लागतेच.