तात्पुरती तरतूद

परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुस्तक उघडणारा विद्यार्थी आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. परंतु एखाद्या बलाढ्य राष्ट्राची विधिसभाच त्याच्या वाटेनें जाऊं लागली तर काय म्हणावें?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतें. कायद्याच्या मंजुरीवांचून खजिन्यांतून पैसा काढूं नये, अशी तेथील राज्यघटनेची आज्ञा आहे. ही मंजुरी काँग्रेस नांवाची विधिसभा सध्यां दरवर्षीं बारा विधेयकांनीं देते. ऑक्टोबरची ही मुदत १९७६ पासून अमलांत आहे. परंतु सर्व विधेयकें वेळेवर मंजूर झालीं, असे प्रसंग तेव्हांपासून अवघे चार, व त्यांतील शेवटचा १९९६ सालचा!

मुदत टळली म्हणजे तात्पुरत्या तरतुदीचा ठराव करितात. गतवर्षाच्या मानानें कांहीं काळ खर्च चालूं द्यावा, नवें काम बहुधा हातीं घेऊं नये, असें त्याचें स्वरूप असतें. तोही न झाला तर अनेक कचेऱ्यांस टाळें लागतें. २०२५ सालीं १ ऑक्टोबरपासून कारभार असा ४३ दिवस अडला. विमानतळांवर उतारूंची झडती घेणारे नोकर पगारावांचून राबले. थकलेला पगार मागाहून मिळतो, हें खरें. परंतु घरभाडें व वाणी मागाहूनची वाट पाहत नाहींत. विधिसभेच्या सभासदांचें वेतन मात्र अशा काळींही कायद्यानें चालूच राहतें!

ठरावानें पगार चालतो, मग बिघडलें कोठें, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें, कीं गतवर्षाचा आंकडा पुन्हा लिहिणें म्हणजे विचार करणें नव्हे. कोणतें काम सोडावें व कोणतें आरंभावें, हें ठरविण्यासाठींच प्रतिनिधि निवडलेले असतात.

तात्पुरती तरतूद मुळांतच वाईट, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. भारताच्या राज्यघटनेंतही ११६ व्या कलमानें लेखानुदानाची सोय आहे. २०२४ सालीं निवडणुकीपूर्वीं फेब्रुवारींत अंतरिम अंदाजपत्रक मांडलें गेलें, व पूर्ण अंदाजपत्रक नव्या लोकसभेपुढें २३ जुलैला आलें. जाणारांनीं येणारांचे हात बांधूं नयेत, हा त्यांतील विवेक. पाय मोडलेल्यास कुबडी हवीच. धडधाकट माणसानें तिची संवय लावून घेणें हें लाजिरवाणें.

आमचे विद्यार्थी उद्यां मतदार होतील. त्यांतील एखादा विधिमंडळांतही बसेल. त्यानें एवढें स्मरणांत ठेवावें, कीं नेमलेलें काम नेमल्या वेळीं न केल्याचा दंड ज्याचा त्यानें भरावा; तो गरीब नोकराच्या चुलीवर वसूल होऊं नये.