संततिनियमन आणि घरांतील मौन

दुकानांत नवा माल भरावयाचा झाल्यास शहाणा व्यापारी भागीदारास विचारल्यावांचून एक रुपयाही गुंतवीत नाहीं. परंतु मूल केव्हां व्हावें, दोन मुलांत अंतर किती असावें, ह्या जन्मभराच्या व्यवहाराविषयीं तोच गृहस्थ आपल्या पत्नीशीं एक अक्षर बोलत नाहीं. हें मौन मर्यादेचें लक्षण होय, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें त्याचा सर्व भार एकट्या स्त्रीवर पडतो.

पुरावा हवा असल्यास २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी पाहावी. विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें ३८ जणींनीं नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली होती; पतीनें ती करून घेतल्याचें प्रमाण शेंकडा अर्धेंही नव्हतें. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी धोक्याची आहे. तरीही त्याच पाहणींत शेंकडा ३५ पुरुषांनीं गर्भनिरोध हें बायकांचें काम, असें मत दिलें.

दुसरी गोष्ट रोगाची. गोळ्या, तांबी अथवा शस्त्रक्रिया ह्यांनीं गर्भधारणा टळते, एच.आय.व्ही., उपदंश इत्यादि संसर्ग टळत नाहींत. दोहोंपासून रक्षण करणारें सहज मिळणारें साधन म्हणजे निरोध, आणि तो पुरुषाच्या संमतीवांचून वापरतां येत नाहीं. पत्नीनें त्याचा शब्द काढला कीं, 'माझ्यावर संशय घेतेस काय?' असा उलट प्रश्न येतो. म्हणून हा विषय प्रथम पतीनेंच काढावा, व तपासणी करावयाची ती दोघांनीं मिळून करावी, हें आमचें सांगणें आहे.

कै. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें व १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकांतून ह्या विषयाची उघड चर्चा केली. त्यापायीं त्यांची नोकरी गेली, अश्लीलतेचे खटलेही त्यांनीं सोसले. आज सरकारी रुग्णालयांत हीं साधनें मोफत मिळतात. उणीव आहे ती घरांतील दोन शब्दांची.

कोणी म्हणेल, असें बोलल्यानें लाज सुटते. आम्ही विचारतों, नकोसा गर्भ अथवा पतीकडून आलेला रोग पत्नीनें मुकाट्यानें सोसावा, ह्यांत कोणाची लाज राखली जाते? वाचकांनीं आज रात्रीं दुकानाची वही मिटल्यावर पत्नीस एवढेंच विचारावें, 'तुझें मत काय?' आणि उत्तर मिळेपर्यंत धीर धरावा.